पंख्याच्या भांडणात माझी मध्यस्थी

मध्यस्थीचा अभ्यासक्रम म्हणजे काय, हे मी नाव घातलं तेव्हा घरात कोणालाच कळलं नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नाही. मी रोह्याच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे जे शिकता येईल ते शिकून घ्यावं असं वाटायचं. पुस्तिका पोस्टाने यायच्या, व्याख्यानं मोबाइलवर ऐकायची आणि अधूनमधून रविवारी पेणच्या केंद्रात वर्ग असायचा. बाबा कंपनीतून शिफ्ट संपवून आले की विचारायचे, यातून वकील होतात का? मी नाही म्हणायचे. मग जज? तेही नाही. शेवटी त्यांनी आमच्या अख्ख्या अष्टमी गावात सांगून टाकलं की पोरगी भांडणं सोडवायला शिकतेय. तेव्हापासून शेजारणी माझ्याशी जपून बोलू लागल्या.

पुस्तिकेत एक गोष्ट पुन्हा पुन्हा यायची. मध्यस्थाने निकाल द्यायचा नाही आणि उपायही सुचवायचा नाही. माणसं आपली वाट आपणच शोधतात. मला हे फार आवडलं होतं, कारण निकाल द्यायची मला भीतीच वाटते.

श्रावण लागला आणि पेणजवळच्या जोह्याहून थोरल्या मामीचा फोन आला. माझे दोन्ही मामा तिथे एकाच शेडमध्ये गणपतीचा कारखाना चालवतात. धाकटा मामा अंगाचे रंग करतो, थोरला मामा डोळे काढतो. त्या वर्षी धाकट्याने एक मोठा उभा पंखा आणला होता. पावसाळी हवेत रंग सुकत नाही, म्हणून पंखा हवाच. पण डोळे काढताना वारा चालत नाही. कुंचल्याचं टोक हलतं आणि रेघ भलतीकडे जाते. दोन-तीन गणपती तिरळे झाल्यावर थोरल्या मामाने कुंचला खाली ठेवला. पंखा बंद कर, असं तो म्हणेना, आणि धाकटाही आपणहून बंद करीना. दोघांनी बोलणं टाकलं. शेडमध्ये बिनडोळ्यांच्या गणपतींच्या रांगा वाढत गेल्या. आता थोरल्याने मधोमध भिंत घालायची म्हणून विटा आणून टाकल्या होत्या.

आई फोन ठेवून ओट्याशी उभी राहिली. राखी पौर्णिमेला ती दोघा भावांना एका पाटावर बसवून राखी बांधते. लग्न झाल्यापासून त्यात खंड नाही. "भिंत पडली तर मी कुठल्या दारात जाऊ गो?" ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू शिकतेस ना? जा की."

मला अभ्यासाचा भाग म्हणून एक खरी मध्यस्थी करायचीच होती. पेणहून जोह्याच्या बसमध्ये बसले आणि वाटभर पुस्तिका पुन्हा वाचत राहिले.

बैठकीची जागा कोणाच्याच बाजूची नसावी, असा नियम. जोह्यात तशी जागा मला सापडली नाही. शेवटी शेडच्या दारात, विटांच्या ढिगावर मी बसले. एका बाजूला थोरला मामा स्टुलावर, दुसऱ्या बाजूला धाकटा रंगाच्या डब्यावर. मूर्तींना पॉलिश पेपर मारणाऱ्या बायकांना मी अदबीने बाहेर जायला सांगितलं. त्या म्हणाल्या, बाहेर पाऊस हाय, आम्ही ऐकणार नाय. आणि हात थांबवून ऐकत बसल्या.

मामीने आधीच एक शहाणपणा केला होता. भांडण वाढू नये म्हणून तिने डोळे काढून झालेला एक गणपती आणून आमच्या मधोमध ठेवला होता. त्यांच्या कारखान्यात रीत आहे, डोळे काढून झालेल्या मूर्तीसमोर शिवी द्यायची नाही की आवाज चढवायचा नाही. आता त्याला दिसतं, असं म्हणतात.

मी सुरुवात केली. कोणाला काय त्रास होतो ते मोकळेपणी सांगा, म्हटलं.

"मला कसलाच त्रास नाय," थोरला मामा गणपतीकडे बघत म्हणाला.

"माझी पण तक्रार नाय," धाकटा म्हणाला. "भाऊ देवमाणूस हाय."

विटा कशाला आणल्यात, असं विचारलं तर थोरला म्हणाला, असाव्यात घरात. माझी पहिली मध्यस्थी चहा येण्याआधीच संपली होती. दोघेही समाधानी दिसत होते आणि पंखा घरघरत होता. देवाला पाठमोरं करणं बरं नव्हे, म्हणून मी भीत भीत पॅकिंगचं प्लास्टिक उचललं आणि मूर्तीच्या डोक्यावरून खाली सोडलं.

त्यानंतर जे सुरू झालं ते मी इथे लिहू शकत नाही. माझ्या आजोबांपासून ते धाकट्या मामाच्या लग्नातल्या बँडपर्यंत सगळं निघालं. पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे मी प्रत्येकाचं म्हणणं माझ्या शब्दांत परत सांगत होते. म्हणजे तुम्हाला असं वाटतं की तुमचा मान राखला जात नाही, वगैरे. धाकटा मामा वैतागला. "मी तेच बोललो ना आता? मग तू परत काय बोलतेस?"

बायकांमधल्या एकीला राहवेना. सकाळी डोळे काढा, दुपारनंतर पंखा लावा, यात काय हाय एवढं, ती म्हणाली. हे मलाही बसल्या बसल्या सुचलं होतं, पण मी सुचवायचं नव्हतं. दोन्ही मामा माझ्याकडे बघू लागले.

"तू सांग. काय करायचं?" थोरला म्हणाला.

"मला सांगता येत नाही, मामा. ते तुमचं तुम्हीच ठरवायचं असतं."

"मग तू कशाला आलीस गो? भजी खायला?"

बायका हसल्या. पुस्तिकेत एकच गोष्ट उरली होती, एकेकट्याशी खाजगी बोलणं. शेडला दुसरी खोली नाही. म्हणून मी थोरल्या मामाला घेऊन मंडळाच्या उंच गणपतीच्या मागे गेले. पंख्याचा आवाज एवढा होता की पलीकडे काही ऐकू जाणार नव्हतं. इथलं बोलणं इथेच राहील, असं मी त्याला वचन दिलं.

त्या गणपतीच्या मागे लोंबणाऱ्या शेल्यावरून बोट फिरवत तो म्हणाला, "पंख्याचं काय नाय गो. आधी हा एकेक मूर्ती घेऊन माझ्याकडे यायचा. भाऊ, सुकलं का बघ. मी हाताची पाठ लावून सांगायचो. पंखा आला आणि ह्याचं विचारणं बंद झालं. आता मी शेडमधी हाय की नाय, कोणाला फरक पडतो?"

त्याचं शेवटचं वाक्य फारच स्पष्ट ऐकू आलं. पंखा थांबला होता. आमचं बोलणं ऐकू यावं म्हणून धाकट्या मामाने, इतके दिवस कोणाच्या सांगण्याने न हललेल्या धाकट्या मामाने, बटण दाबलं होतं.

"तूच रुसून बसलास, मग विचारू कोणाला?" पलीकडून आवाज आला.

"तू ऐकतोस काय आमचं?"

"ऐकू आलं."

"पंखा कोणी बंद केला?"

बायकांनी एकदम जोरात पॉलिश पेपर मारायला घेतला. थोरला मामा गणपतीमागून बाहेर आला, थांबलेल्या पात्यांकडे त्याने पाहिलं आणि धोतर सावरून पहिल्या रांगेसमोर बसला.

"बंदच हाय तर चार डोळे काढून घेतो," तो कोणालाच उद्देशून नाही असं बोलला.

कोणी माफी मागितली नाही, काही ठरलंही नाही. मी तिथे उभीच होते. थोड्या वेळाने धाकटा एक छोटी मूर्ती दोन्ही हातांवर धरून आला आणि भावापुढे थांबला. थोरल्याने मान वर न करता तिला हाताची पाठ लावली.

पेणच्या वर्गात मी हे सगळं सांगितलं तेव्हा सर म्हणाले की यात गुप्ततेचा भंग झाला आहे. मी कबूल केलं. उत्तीर्ण केलं त्यांनी, पण काठावर.

राखीला आई आणि मी जोह्याला गेलो. सीझन भरात होता, म्हणून पाट शेडमध्येच मांडला. दोघांच्या मनगटांवर रंग होता, आईने तो पदराने पुसून राख्या बांधल्या. निघताना तिला स्टँडवर गाडीवरून कोण सोडणार, यावरून पुन्हा सुरू झालं. थोरला म्हणे मी सोडतो, धाकटा म्हणे तुझी गाडी चिखलात घसरते. मी तोंड उघडलं.

"तू गप गो," आई म्हणाली. "भांडू दे त्यांना. मी चालत जाते, दोघं या माझ्याबरोबर."