सुमनवहिनींची काठवट

सुमनवहिनी कधी दाराची कडी वाजवत नसत. दारासमोर येऊन उभ्या राहायच्या आणि हलकेच खोकायच्या. आत मिक्सर चालू असला की ते ऐकू येत नसे, मग त्या तशाच उभ्या. एकदा मी भाजी आणायला बाहेर पडले तर दारात वहिनी, हातात रिकामी वाटी.

"अहो, किती वेळच्या उभ्या आहात?"

"असू द्या की म्याडम. आपलं काय अडलंय?"

हे त्यांचं पालुपद. घरात विरजण नसे, गॅस संपलेला असे, एकदा तर अंगात सणकून ताप होता, पण त्यांचं अडलेलं काही नसे.

पडेगावला आमची घरं भिंतीला भिंत लावून होती. मी शाळेत शिकवत होते, म्हणून म्याडम. त्यांचे यजमान रंगनाथराव वाळूजला एका कारखान्यात टर्नर होते. माणूस उंचापुरा, हाताचा कसबी आणि तोंडाचा फार कडक. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरामागे पत्र्याची शेड घातली, लाकूड फिरवून तासायचं जुनं लेथ आणून बसवलं आणि लाटणी, खाटेचे पाय, पाळण्याचे खुंट करू लागले. बायकोला नावानं हाक मारताना मी त्यांना कधी ऐकलं नाही. "ए" एवढंच. भाकरी निवली, चहा पातळ झाला, की भिंतीपलीकडून ते "ए" यायचं आणि कधी कधी त्यामागून ताटाचा आवाज. दुसऱ्या दिवशी वहिनी नेहमीसारख्याच अंगण झाडताना दिसायच्या.

शेडमध्ये त्यांना मज्जाव होता. "बाईमानसाचा पदर गुततो मशीनमधी," असं रंगनाथराव सांगायचे. त्या चहाचा कप उंबऱ्यावर ठेवायच्या आणि मागे फिरायच्या.

एका सकाळी दात घासता घासता रंगनाथराव मोरीत कोसळले. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. दवाखान्यातून चाकाच्या खुर्चीत बसून घरी आले तेव्हा त्यांच्या तोंडात एकच शब्द उरला होता, "नाय." पाणी हवं असलं तरी नाय, नको असलं तरी नाय. त्यांचा पुण्याला असलेला मुलगा आठवडाभर राहिला. बापाचं बोलणं कळेना म्हणून वैतागायचा. वहिनींना मात्र कळायचं. "हे नाय म्हंजी व्हय हाय," त्या मला समजावून सांगायच्या. "मघाचं होतं ते खरं नाय."

पण जेवणाचं काही जमेना. भरवायला घास पुढे केला की ते दातखीळ बसल्यासारखं तोंड मिटून घेत. डाव्या हातानं खायला जावं तर ताटली सरकायची, कलंडायची, वरण मांडीवर सांडायचं. मग ते तीच ताटली भिंतीवर भिरकावत. वहिनींनी ताटलीखाली ओलं फडकं घातलं, पितळी वाडगा दिला, दगडी खलसुद्धा देऊन पाहिला. घास भांड्याच्या काठावरून बाहेर पडायचाच. माणूस डोळ्यांदेखत वाळत चालला. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. ते ऐकून रंगनाथरावांनी मान भिंतीकडे फिरवली.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी वहिनी आल्या. त्या दिवशी त्या खोकल्या नाहीत, सरळ आत आल्या.

"म्याडम, हे सारखं शेडाकडं हात दाखवायलेत. मी खुर्ची तिकडं नेली. त्यो बाभळीचा ओंडका हाय ना, त्याच्याकडं बघून नाय नाय करायलेत. त्यान्ला काठवट पायजे."

आमच्याकडे भाकरीचं पीठ मळायला लाकडी काठवट असते, तीच. पण बाजारातली पसरट, परातीएवढी. यांना हवी होती लहान, जड बुडाची आणि काठ आत वळलेली, म्हणजे घास काठाला टेकवून बोटांत धरता येईल. रंगनाथरावांनी ती डाव्या हातानं हवेत काढून दाखवली होती.

ओंडका त्यांच्या खुलताबादकडच्या शेतातला. आणून शेडबाहेर टाकला तो तसाच राहिला आणि उन्हानं मधोमध चिरला. शेडमध्ये दुसरं जाड लाकूड नव्हतं. वखारीत नेऊन त्याचे चिरेवर दोन भाग करून आणले. तिथल्या माणसानं सांगितलं, "बाई, हे जळणाचं लाकूड आहे." वहिनी म्हणाल्या, "असू द्या." बाहेर कुणाला करायला द्यावं, असं मी सुचवून पाहिलं. फुटलेलं लाकूड लेथवर चढवायला कुणी तयार होईना, आणि खरं सांगायचं तर वहिनींनी फारसं विचारलंही नाही.

त्या दिवसापासून दुपारी शेड उघडू लागली. वहिनींनी पदर कमरेला घट्ट खोचलेला, डोळ्यांना नवऱ्याचा कारखान्यातला चष्मा. रंगनाथरावांची खुर्ची उंबऱ्याच्या आत. माझी शाळा सकाळची, म्हणून बटणाजवळ उभं राहायचं काम माझं. "मी वरडले की बंद करा, म्याडम." आधी त्या जुन्या खुंटांवर हात बसवत होत्या. रंगनाथराव डोळे मिटून आवाज ऐकायचे. पटाशी चुकीची लागली की "नाय!", नीट लागली की खालच्या सुरात "नाय." एकदा त्यांनी खुर्ची जवळ घ्यायला लावली, वहिनींचं मनगट धरलं आणि पटाशीची मूठ खाली दाबून दाखवली. वहिनी चपापल्या. मनगट सुटल्यावरही हात तसाच धरून उभ्या राहिल्या.

मग एके दिवशी ओंडक्याचा पहिला अर्धा भाग चढवला. बाहेरची बाजू छान गोल झाली. आतून कोरायला लागल्या आणि काडकन आवाज झाला. बाभळीच्या आत आणखी एक चीर होती, ती बाहेरून दिसलीच नव्हती. एक तुकडा पत्र्यावर आदळला, दुसरा वहिनींच्या खांद्यावर. त्या भुईवर बसल्या. मी बटण बंद केलं. लेथ थांबलं तरी रंगनाथराव ओरडतच होते, "नाय, नाय, नाय," आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. त्या माणसाला रडताना मी पहिल्यांदा पाहत होते.

खांदा काळानिळा झाला होता. मी हळद लावत असताना वहिनी म्हणाल्या, "लाकूड वाया गेलं म्हणून लागलं असंल त्यान्ला. शेतातलं व्हतं ना."

"अहो, तुमच्यासाठी रडले ते."

वहिनींनी खांद्यावर पदर ओढून घेतला. मग म्हणाल्या, "तुमी चांगलं बोलता, म्याडम."

खांद्याची सूज उतरायला वेळ लागला. तेवढ्या दिवसांत रंगनाथराव आणखी खंगले. दुसरा अर्धा भाग चढवायच्या आधी त्यांनी पाळण्याच्या खुंटांना लावायच्या लाखेचा डबा दाखवला. या भागातही एक बारीक चीर दिसत होती; वहिनींनी लाख वितळवून तिच्यात भरली, लेथचा पट्टा मोठ्या चाकावर टाकून वेग कमी केला. या वेळी त्या इतकं हळू कोरत होत्या की भुसा धुळीसारखा पडत होता. मी बटणावर बोट ठेवून उभी. काम पुरं झालं तेव्हा ती काठवट काही सुबक नव्हती. एका बाजूला जाड, बुडापासून काठापर्यंत लाखेची काळी रेघ. पहिल्या दिवशी त्या रेघेतून वरण पाझरलं, पुन्हा लाख भरावी लागली. मग जवसाचं तेल पाजून तीन-चार दिवस सावलीत ठेवली.

त्यानंतर रंगनाथराव आपल्या हातानं जेवू लागले. काठवट जागची हलत नसे. वरणात कुस्करलेली भाकरी काठाला लावून ते घास उचलायचे. जेवायला फार वेळ लागायचा. कुणी बघितलेलं त्यांना चालायचं नाही, म्हणून वहिनी पाठ करून तांदूळ निवडत बसायच्या. नाकातली नळी टळली.

पण तो आधार हिवाळ्यापुरताच निघाला. उन्हं तापायला लागली आणि त्यांना दुसरा झटका आला, त्यात ते गेले.

तेरावा झाल्यानंतर एका दुपारी भिंतीपलीकडून लेथचा आवाज आला. मी गेले तर वहिनी एकट्याच, डोळ्यांना तोच चष्मा, समोर आंब्याच्या लाकडाचा एक चिरलेला तुकडा. "हात रिकामा ऱ्हायना झालाय," म्हणाल्या. पुढे रोज दुपारी आवाज येऊ लागला. गल्लीतल्या बायका कुजबुजू लागल्या, नवरा जाऊन किती दिवस झाले आणि हिचं काय चाललंय. कुणीतरी ते मुलाच्या कानावर घातलं. तो आला, दोन दिवस राहिला, लेथ भंगारवाल्याला देऊन टाकलं. "आई, या वयात काही झालं तर? चल माझ्याकडे." त्याचंही चूक म्हणता येत नाही. वहिनी गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "असू द्या, म्याडम. आपलं काय अडलंय?" पण नजर शेडच्या रिकाम्या जागेवर होती.

पुण्याहून त्यांचा कधीमधी फोन यायचा. नवव्या मजल्यावर वारा लई हाय, नातवाला माझी भाकरी आवडत नाय, असलंच बोलणं. शेवटचा फोन आला तेव्हा तिकडे घरात कुणी नसावं. आवाज मोकळा वाटला.

"म्याडम, तुमाला एक सांगायचं ऱ्हायलं. हे गेले ना, त्याच्या आदल्या सांजंला त्यांनी खाल्लं नाय. काठवट माझ्याकडं सरकवली. मी म्हनलं, माझं मागून. तर म्हने, नाय. मी एक घास खाल्ला. पुन्ना नाय. सगळं खायला लावलं मला, आन् बघत बसले."

"किती माया होती बघा," असं काहीतरी मी म्हणाले.

"नाय, म्याडम," त्या म्हणाल्या. "मला राग आला. लई राग आला. सगळा जलम मी त्यांच्या मागून जेवले, चुलीपाशी बसून. आन् आता, शेवटाला? मला त्यान्ला इचारायचं व्हतं, एवढ्या उशिरा कामून. सकाळी इचारू म्हनलं. सकाळी कुटं सुद व्हती त्यान्ला."

तिकडे दार वाजलं असावं. "सूनबाई आली," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

पावसाळा संपता संपता मुलाचा फोन आला. झोपेतच गेल्या म्हणाला. थोडा वेळ रडला, मग सावरून म्हणाला, "काकू, आईसारखी शांत बाई मी पाहिली नाही. जन्मात कधी कुणावर रागावली नाही ती."

मी ऐकून घेतलं.