फळ्यावरचा तोटा

हॉटेल चालवून पैसे साठतात की नाही ते मला अजून कळलेलं नाही, किस्से मात्र हमखास साठतात. आणि हॉटेलचा हिशेब स्टाफसमोर उघडा मांडायला लागल्यापासून तर विचारूच नका!

नेदरलँड्समध्ये, युट्रेख्टला स्टेशनच्या मागच्या बाजूला आमचं थाळीचं छोटंसं हॉटेल आहे. नवरा, विनय, कंपनीत नोकरी करतो, हॉटेल माझं. स्वयंपाकाला सांगलीचे शिरीषदादा, भांड्यांना नेपाळचा कमल आणि वाढायला सान्ने, युनिव्हर्सिटीत शिकणारी डच पोरगी. गेल्या हिवाळ्यात तोटा इतका वाढला की वर्षअखेरपर्यंत जमलं नाही तर कुलूप लावायचं, असं मी ठरवलं. कुलूप लागलं तर यांच्याही नोकऱ्या जाणार, मग लपवायचं कशाला? स्वयंपाकघरात फळा टांगला आणि दर सोमवारी त्यावर सगळं लिहायला लागले: विक्री, भाडं, वीज, पगार, तोटा.

पहिल्याच सोमवारी शिरीषदादांनी मला बाजूला घेतलं. चेहरा गंभीर.

"वहिनी, एवढं खरं आपण बँकेला तरी सांगतो का?"

* * *

विजेचा आकडा पाहून कमलला धक्काच बसला. तो दिसेल तो दिवा बंद करत सुटला. एकदा एक डच आजोबा टॉयलेटमध्ये असतानाच त्याने बटण दाबलं. आतून आरडाओरडा! सान्ने धावली आणि दाराबाहेरूनच म्हणाली, "सॉरी, सॉरी! आम्ही वीज वाचवतोय!"

मग अंधारातून शांत आवाज आला, "हो का? किती वाचली?"

* * *

सासूबाई पुण्याहून आल्या तेव्हा सगळ्यांत आधी त्यांची नजर फळ्यावर गेली.

"अगं, कमाई अशी भिंतीवर लिहितात का? कुणाची नजर लागेल!"

"आई, तोटा आहे तो."

त्यांनी चष्मा लावून नीट वाचलं. "मग राहू दे," म्हणाल्या.

* * *

उन्हाळ्यात धंदा जरा सावरला, तेव्हाची गोष्ट. आपल्यापैकीच एक गृहस्थ, हेगकडून आलेले. सहकुटुंब भरपेट जेवले आणि बिलावर घासाघीस करायला लागले. "भारतात एवढ्यात अख्खं घर जेवतं," वगैरे. मी नेहमीसारखी हसून दोन युरो सोडायच्या बेतात होते, तेवढ्यात सान्ने पुढे झाली. डच माणसाला आडपडदा माहीतच नाही! एका थाळीतलं भाड्याला किती, विजेला किती, तिच्या पगाराला किती, सगळं तिने इंग्रजीत घडाघडा सांगितलं.

"शेवटी आमच्याकडे एक युरो उरतो," ती गोड हसून म्हणाली, "आणि तोही तुम्ही जास्तीच्या पुऱ्यांमध्ये खाल्लात."

गृहस्थांनी पूर्ण बिल दिलं. वर टिपही ठेवली!

* * *

काजूचा भाव कळल्यावर शिरीषदादांनी बरणी कपाटात ठेवून कुलूप लावलं. विनयची सवय अशी की ऑफिसातून आला की थेट स्वयंपाकघरात शिरून मूठभर काजू तोंडात टाकायचे. पुढच्या सोमवारी फळ्यावर, विजेच्या खाली, शिरीषदादांच्या अक्षरात कुलपाआधी खाल्लेल्या मुठींचा नवा खर्च लिहिलेला होता: "साहेबांचे काजू".

विनयने मुकाट्याने पैसे भरले. आता तो ऑफिसातून निघतानाच शेंगदाणे खाऊन येतो.

* * *

उन्हाळा बरा गेला, पण ऑक्टोबरात भाडं वाढलं आणि तोटा परत फळ्यावर आला. त्या सोमवारी मी सगळ्यांना बसवलं. रात्रभर झोप नव्हती. म्हटलं, "कुणातरी एकाला कमी केल्याशिवाय हॉटेल टिकत नाही. कुणाला, ते मला ठरवता येत नाहीये. आकडे तुमच्यासमोर आहेत, तुम्हीच सांगा."

कुणी कुणाकडे बघेना. कमल उठून फळ्याजवळ गेला आणि पगारांच्या नावांवरून बोट फिरवत खाली आला.

"मॅडम, सबकी सॅलरी लिखी है. आपकी किधर है?"

"मी घेत नाही."

"सुरुवातीपासून?" सान्नेने इंग्रजीत विचारलं. मी मान हलवली. "मग हा फळा खोटा आहे," ती म्हणाली. "तू जरा बाहेर थांब."

माझ्याच हॉटेलमधून मला बाहेर काढलं! मी सायकलींच्या स्टँडला टेकून उभी राहिले. आतून तिघांचे आवाज येत होते, हिंदी, इंग्रजी, मध्येच शिरीषदादांची सांगलीची मराठी. आता तिघंही सोडून जाणार, अशी माझी खात्रीच झाली.

आत बोलावलं तेव्हा फळा पुसून नव्याने लिहिलेला होता. बुधवारचं दुपारचं जेवण बंद. थाळी दीड युरोने महाग. तिघांचेही तास थोडे थोडे कमी, पण कुणाचंही नाव खोडलेलं नव्हतं. उलट कमलच्या खाली चौथं नाव होतं, माझं. पुढे पगार, छोटासाच.

मला रडूच फुटलं. इतकं बरं मला या देशात आल्यापासून कधी वाटलं नव्हतं.

शिरीषदादांनी खुंटीवरचा एप्रन काढून माझ्या हातात दिला.

"रडायचं ते घरी, वहिनी. उद्या नऊला या. पहिला महिना ट्रायलवर आहात!"