अण्णाला हवा असलेला अवधी

अण्णा गेल्याची तार हैदराबादहून आली, तेव्हा मी अंगणात आंब्याची साठं वाळत घालत होते. हृदयविकार... महिना उलटला, तरी अजून एका जागी बसवत नाही.

अण्णा माझा मोठा भाऊ. आमच्या पाली गावच्या शाळेतून शिकून इंजिनिअर झाला आणि हैदराबादला सरकारी प्रयोगशाळेत लागला. विमानातून सुटून, आवाजाहून जास्त वेगानं जहाजावर जाणारं क्षेपणास्त्र त्याला घडवायचं होतं. पण त्या वेगात इंजिनातली ज्वाला विझायची. ती टिकवण्यात त्याची वर्षं चालली होती. "त्यांना कळायच्या आत पोचलं पाहिजे," असं म्हणताना त्याचा चेहरा उजळायचा.

माझे यजमान तेलवाहू जहाजावर होते. आखातात इराण-इराकचं युद्ध पेटलं आणि त्यांच्या जहाजावर विमानातून सोडलेलं क्षेपणास्त्र आदळलं. हे वाचले, दोन्ही हात भाजले. सोबतचा हर्णैचा खलाशी गेला.

अण्णा धावत आला. मी यांना पेज भरवत होते.

"भावोजी, आधी काही कळलं होतं?"

"वरून कोणीतरी ओरडलं, म्हणून मी दाराकडे धावलो." मग यांनी शांतपणे विचारलं, "अण्णा, तुमचं तयार झालं, तर ओरडायला तरी मिळेल का कुणाला?"

अण्णानं यांच्या भाजलेल्या हातांकडे पाहिलं. "नाही मिळणार. त्यासाठीच तर..."

परत जाऊन त्यानं काम बदलून मागितलं. येणारं क्षेपणास्त्र लवकर हेरून जहाजाला सावध करणारं यंत्र करायचं होतं त्याला. साहेब चिडले. ज्वाला आत्ता कुठे टिकू लागली होती! तरी तो गेला, आपल्याहून लहान माणसाच्या हाताखाली.

"आता तरी स्वस्थ झालास?" पुढे तो घरी आला, तेव्हा मी विचारलं.

"कसला स्वस्थ, सुमे! माझं जुनं इंजिन तिकडे रोज सुधारतंय. ते जितकं पळेल तितका इकडे वेळ कमी. मीच माझ्या मागे लागलोय."

दिवसकार्याला आम्ही हैदराबादला गेलो. त्याचा सहकारी भेटायला आला होता. म्हणाला, समुद्रावरच्या चाचणीत यंत्रानं इशारा दिला. पण ते कळायला अण्णा नव्हता.

"धावून बाहेर पडता येईल एवढा वेळ मिळतो?" यांनी विचारलं.

"आज मिळतो," तो म्हणाला. "उद्याचं सांगता येत नाही."

वहिनीनं अण्णाची खोली उघडली. टेबलावर कागद पसरलेले होते. खुर्ची कुठेच दिसेना.

"हे बसायचे कुठे?" वहिनी म्हणाली. "उभ्यानंच काम करायचे."

मी टेबलापाशी गेले. मीही उभीच राहिले.