सविताताईंची पाच मिनिटं

कपाटावर धूळ बसावी तसे आमच्या स्टुडिओत किस्से साचतात. सोलापुरातल्या एका छोट्या केबल चॅनलवर मी कॅमेरा धरतो आणि सविताताई हवामान सांगतात. रोज संध्याकाळी पाच मिनिटं. त्यातली दोन त्या हट्टानं हवामान बदलाला देतात. आमच्या मालकांना, अप्पांना, नेमकी तीच खुपतात.

"उद्याचं ऊन सांगा की! पुढच्या वीस वर्षांचं सांगायला ज्योतिषी हायत!" अप्पांना त्या दोन मिनिटांचा स्लॉट राशिभविष्याला द्यायचा होता. ताई हटेनात.

*

पहिल्याच दिवशी ताई हिरवीगार इरकल नेसून आल्या. आमच्याकडे मागे हिरवा पडदा असतो आणि जिथे हिरवं दिसेल तिथे कॉम्प्युटर नकाशा चिकटवतो. झालं! पदरावर करमाळा, पोटावर अक्कलकोट आणि वर नुसतं बोलणारं डोकं. तेही लाईव्ह! मला घाम फुटला.

ताईंनी मॉनिटरकडे पाहिलं, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "पाहिलंत? वाढतं तापमान हे असं आपल्या अंगावर आलंय!"

अप्पा खूश. "इफेक्ट लई भारी! रोज करा!"

*

एकदा ताई म्हणाल्या, "सोलापूरची हवा बदलतेय." दुसऱ्या दिवशी एक माजी नगरसेवक कार्यकर्त्यासह हजर.

"ताई, हवा कुनाच्या बाजूनं हाय?"

"उन्हाच्या."

साहेब कार्यकर्त्याच्या कानाला लागले, "कोन रे ह्यो? आपल्या वॉर्डातला हाय का?"

ताईंनी त्यांना बसवून, चहा पाजून सगळं समजावलं. साहेबांनी वॉर्डात झाडं लावायचं कबूल केलं. लावली पण! फक्त फलक झाडांपेक्षा मोठा होता.

*

फोन-इनमध्ये ताई एकदा सांगत होत्या, "आजचं ऊन म्हणजे नवऱ्याचा आजचा राग. हवामान म्हणजे त्याचा स्वभाव. राग येतो-जातो, स्वभाव बिघडला तर घर बिघडतं."

लगेच होटगीहून एका बाईंचा फोन. "ताई, आता कुटं समजलं बघा! आमच्या ह्यांचं हवामान लगीन झाल्यापास्नंच बदललंय!"

मागून त्यांच्या यजमानांचा आवाज आला, "फोन ठेव की!" अख्ख्या जिल्ह्यानं ऐकला.

अशा अवघड गोष्टी आमच्या ताई घराघरात पोचवतात. मला त्यांचा अभिमान वाटतो आणि मी तो लपवत नाही.

*

यंदाच्या उन्हाळ्यात ताईंनी एकच धोशा लावला. "ऊन पूर्वीचं राहिलं नाही. भर दुपारी लग्नं लावू नका. मांडवात म्हातारी माणसं, लहान पोरं असतात." लोक हसले. "मुहूर्त आता टीव्हीवर निघनार व्हय?"

अप्पांना निमित्तच मिळालं. त्यांनी शहरातल्या एका नावाजलेल्या गुरुजींना राशिभविष्यासाठी ठरवलं. "उद्यापास्नं स्लॉट गुरुजींचा," ते ताईंना म्हणाले. ताईंनी शेवटचा म्हणून वाढत्या तापमानाचा नकाशा लावला.

तेवढ्यात गुरुजी ट्रायलसाठी आले. कपाळी भस्म, काखेत पंचांग. अप्पा खुर्ची घेऊन पुढे धावले. गुरुजी थेट ताईंपाशी गेले, खिशातून लेकीच्या लग्नपत्रिकेचा कच्चा मजकूर काढला आणि हळू आवाजात म्हणाले,

"ताई, आमच्या पंचांगात दोन मुहूर्त निघालेत. एक भर दुपारचा, एक गोरज. तुमच्या नकाशात कुठला निघतोय?"