गाय तीच

आर्णीच्या बाजारात पोतं अंथरून ती दुधाचा साबण विकायची. बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेल्या घरची, पांढऱ्या लुगड्यातली. तिचं नाव मला कधीच कळलं नाही. गिऱ्हाईक आलं की ती साबणाची वडी आधी त्याच्या नाकाशी धरायची.

"दूध ओल्या वाळूत ठेवून गार करा लागते," ती सांगायची, "नाही तं कॉस्टिक सोड्यामंदी करपून जाते."

एकदा पाटलीणबाई आल्या. वडी हुंगून खूश झाल्या, चार घेतल्या, मग विचारलं, "दूध कोनाच्या घरचं वं?"

"माह्याच गाईचं, बाई. तुमच्या दारी घेऊन आलती, तेच."

पाटलीणबाईंचा हात पिशवीतच थबकला. ते दूध विटाळाचं म्हणून त्यांनी उंबऱ्यावरूनच परत पाठवलं होतं, अन् हे सगळ्या बाजाराला ठाऊक होतं. वड्या पोत्यावर ठेवून त्या तरातरा निघून गेल्या. ती मात्र हसत पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

पुढच्या बाजारी पाटलीणबाई परत आल्या. कोणी न देताच वडी उचलून त्यांनी स्वतःच्या नाकाशी धरली.

ती पाठ ताठ करून बसली आणि बाजारभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"गाय तेच हाये, बाई!"