खदानीचे पेढे

“रेजा को भी धूल लगती है क्या?”

असं म्हणून हजेरी मांडणाऱ्या मुन्शीनं माझ्या आईच्या तोंडावरचा पदर ओढला. अहिवाऱ्याकडची चुनखडीची खदान. रेजा म्हणजे मजूर बाई. आई गिट्टी फोडत होती. पांढरी धूळ नाकातोंडात जायची, म्हणून पदर बांधला होता. सगळे हसले. आईही हसली. न हसून सांगते कुणाला? धाकट्या भावाला मांडीवर घेऊन मी शेजारी बसले होते. आई हसली म्हणून मीही हसले.

आई खोकून खोकून गेली. मी शिकले, भिलाईच्या प्लांटमध्ये क्रेन चालवली, रिटायर झाले. नेहरू नगरच्या एजंटकडे पैसे गुंतवताना त्याला ठणकावून सांगितलं होतं, दारू-तंबाखूच्या कंपनीत माझा एक पैसा नको. केवढी साळसूद मी! घरी येऊन सुनेलाही ऐकवलं.

दिवाळीआधी त्या एजंटनं पेढ्यांचा डबा हातात दिला. “काकी, अहिवारा वाली खदान कंपनी ने कमाल कर दिया. खर्चा घटाया है. आपका फंड ऊपर!”

आईची तीच खदान. खोटं कशाला बोलू, पेढा तरी गोडच लागला.

आमच्यात चांगल्या बातमीचे पेढे आधी माहेरी जातात. आईबाप नाहीत. माहेर म्हणजे तो धाकटा भाऊ. अहिवाऱ्यातच राहतो, त्याच खदानीत ठेक्यावर होता. डबा घेऊन मी तिकडेच गेले. भावजयीनं तो देवापुढे ठेवला.

भाऊ भरदुपारी खाटेवर. खोकत होता.

“मास्क मागतले त गेटाबाहेर केलं, ताई. म्हणे खर्च परवडत नाही.” मग पेढा उचलून म्हणाला, “कायचे होय हे?”

“नातू पास झाला.”

त्यानं पेढा खाल्ला. “गोड हाय,” म्हणाला.

भावजयीनं दिलेलं पाणी मी तसंच ठेवलं. पदर ओढणारा मुन्शी एकटाच होता असं जन्मभर समजत आले होते. आता त्या पदराला माझाही हात लागला होता. तशीच परत आले.

दुसऱ्या दिवशी एजंटला म्हटलं, त्या खदानीतून माझे पैसे काढा. फंडातल्या एकाच कंपनीतून पैसे निघत नाहीत, सगळा फंड मोडावा लागेल, नुकसान होईल, असं त्यानं समजावलं. मग म्हणाला, “काकी, मज़दूरों को आदत होती है. उनको धूल नहीं लगती.”

आणि हसला. हसून माझ्याकडे बघत राहिला. मीही हसावं म्हणून.

“मैं रेजा की बेटी हूँ,” मी म्हणाले. “पूरा निकालो.”

सही केली. राग होताच, पण शरम जास्त होती.

तिथून सरळ अहिवारा. पेढे कशाचे होते ते भावाला सांगितलं, पैसे काढल्याचंही. भावजय उठून आत गेली. भाऊ खाटेवर उठून बसला.

“पैसे त काढले, ताई. खदान त चालूच हाय न.”

खरंच आहे. माझ्या पैशावाचून तिचं काही अडलं नाही. कामावरून काढलेले मजूर सोमवारपासून गेटावर धरण्याला बसणार आहेत. भावानं मला ये म्हटलं नाही. मी जाणार. यापुढे पैसा ठेवण्याआधी विचारणार, इथली धूळ कोण गिळतो? आणि गेटावर कुणी मुन्शी हसला, तर मी हसणार नाही.