बोअरचा कॅमेरा डोहात

तीस वर्षं लोकांच्या बोअरवेलमध्ये कॅमेरा सोडून काकांना एक खोड लागली होती. दिवा पूर्ण लावायचा आणि केबल सतत हलवत ठेवायची. कॅमेरा वर आला की सांगायची बातमीही बहुतेक वेळा एकच असायची, कोरडं आहे.

ऐन थंडीत त्यांनी तोच कॅमेरा पुलाखालच्या डोहात सोडला. थंडीत मिशांचे मासे तिथे गोळा होतात, असं त्यांचे वडील सांगायचे. नदीत आता औषधालाही मासा उरला नाही, असं गाव सांगायचं. तासभर काका केबल वर-खाली करत राहिले. पडद्यावर नुसतं गढूळ पाणी.

"अहो, नदी आहे ही, बोअर नव्हे," केबलचं रीळ धरून बसलेल्या काकू करवादल्या. "आपल्या उशाशी येऊन कोणी असा दिवा नाचवला, तर तुम्ही थांबाल? बारीक करा तो आणि गप बसा घटकाभर."

काकांनी तोंड वाकडं केलं, पण दिवा बारीक केला आणि केबल दगडाला बांधली. चहा पिऊन होईपर्यंत गाळ खाली बसला. मग पडद्यावर एक मिशी हलली. तिच्यामागे दुसरी. बघता बघता डोहाचा तळ दिसेनासा झाला. अंगाला अंग लावून मासेच मासे पडले होते.

पुलावरून दूधवाला ओरडला, "काय काका, कोरडंच ना?"

काकांनी मान वर न करता हात हलवला. "हळू बोल. झोपलेत सगळे."